मिठापुरतं

आबा,

परवा शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर तुमचा तो सिनेमा लागला होता. तुम्ही होता तेव्हा टीव्ही ही मुंबईकरांची चैन होती, आता आपल्या गल्लीतसुद्धा कौलाकौलावर अँटेना उभ्या आहेत. आपल्या सोप्यात शेजारपाजारची माणसं दाटीवाटीनं बसली होती. पडद्यावर ती माळकरी मावशी आली, तिनं मागंपुढं बघितलं, उकळत्या मटणाच्या रश्शाचा थेंब पळीनं तळहातावर घेतला, चाटला, आणि गळ्यातली तुळशीची माळ कपाळाला लावून म्हणाली, "देवा, मिठापुरतंच!" सगळा सोपा खदखदून हसला. शेजारची एक पोरगी तर ठसका लागून आडवीच झाली. तिला कुठून ठाऊक असणार, की ती मावशी याच घरात राहत होती आणि तिची चूल त्या भिंतीच्या पलीकडं होती. आई उठून आत गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला बसली. मी मात्र शेवटपर्यंत बघितला. तुमचं नाव सुरुवातीलाच येतं, कथा आणि संवाद म्हणून, चांगलं ठसठशीत.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझं तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलंय. तुम्ही असताना तुमच्यापुढं तोंड वर करून बोलायची आमची टाप नव्हती. आता तुम्ही उलटून बोलणार नाही, एवढाच काय तो फायदा. दुसरंही एक कारण आहे. मी एक कादंबरी लिहिली आहे, पुण्याच्या एका प्रकाशकानं ती घेतली आहे, आणि तिच्यात तुम्ही आहात. नाव बदललंय, धंदा तोच ठेवलाय. हे ऐकून तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता, ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल.

"खोड काय त्याची?" कुणीही आपली गोष्ट ऐकवायला आलं की तुम्ही हेच विचारायचा. आजोबा कागलकडं बैलांचा व्यापार करायचे आणि लहानपणी तुम्ही त्यांच्या मागं मागं सगळे बाजार फिरला होता. तुमची लेखनाची शाळा ती. जो विकणारा 'काय सुदीक खोड न्हाय बगा' म्हणायचा, त्याच्या दावणीला आजोबा पुन्हा जायचे नाहीत. मी सहावीत असताना शाळेच्या अंकासाठी एक गोष्ट लिहिली होती. पंचगंगेला पूर येतो आणि एक पोरगी उडी टाकून वासराला वाचवते. पोरगी हुशार, देखणी, आईचं सगळं ऐकणारी. मी आत स्वयंपाकघरात तुमच्या ताटाशी बसून ती वाचून दाखवली. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणालात, "ही पोरगी पुरात बुडून मेली तरी मला रडू येणार न्हाय." मला मात्र तिथल्या तिथं रडू आलं. चुलीपुढून तुमची आक्का, आमची आत्ती, म्हणाली, "आरं, लेकरू हाय ते. गोड बोलावं की जरा." तर तुम्ही म्हणालात, "गोड बोलून बैल इकत्यात आक्का, गोष्ट न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला पालीची भीती घातली आणि पुन्हा तुमच्याकडं आले. तुम्ही हसलात. म्हणालात, "ही खोड न्हवं, ही पावडर झाली. पालीला भ्याली तर उलट गोडच दिसती की ती. खोड म्हंजे जी धन्याला नडती. बैल ताकदीचा हाय, देखणा हाय, पण पाण्यात पाय घालत न्हाय. आणि मालकाचं रान नदीपल्याड. आता सांग, काय करायचं? तितनं गोष्ट सुरू हुती." मी विचारलं, "आणि एखाद्याला खोडच नसली तर?" तुम्ही ताटातच हात धुवत म्हणालात, "त्यो बैल म्हादेवाच्या देवळात बसल्याला असतोय. दगडाचा." आज मी शाळेत मुलांना शिकवते, तेव्हा माझ्याही तोंडून हेच येतं. तुमच्याकडून घेतलेलं नाकारायचं म्हटलं तर माझ्या हातात काय राहतं, असा प्रश्न पडतो.

सुट्टीत तुम्ही मला स्टुडिओत घेऊन जायचा. सेटच्या ओल्या रंगाचा आणि तापलेल्या दिव्यांचा वास अजून नाकात आहे. मागच्या अंगणात झाडाखाली खुर्ची टाकून तुम्ही संवाद लिहिताय, आणि सिनेमाचा हिरो मिशा चिकटवलेल्या अवस्थेत तुमच्याशी भांडतोय. त्याचा पाटील चार गावांना पुरून उरणारा, पण भाऊ रडला की खऱ्याला खोटं म्हणणारा, असा तुम्ही लिहिला होता. "अहो लेखक, पब्लिक मला बुळगा म्हणंल," हिरो म्हणतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "म्हणू दे. पण थेटरातनं बाहेर पडताना तुलाच घरी घिऊन जाईल." आणि तसंच झालं. त्या काळात तुमच्या हाताला यश होतं हे मी कुणापुढंही सांगेन.

आता आत्तीचं सांगते. तुम्हाला माहीत नाही असं त्यात काही नाही, पण तुम्ही एकदा सगळं ओळीनं ऐकावं असं मला वाटतं. तिला चंदगडला दिली होती. दोन-तीन पावसाळे झाले आणि नवरा तापानं गेला. मूलबाळ नाही, सासरी कुणी थांब म्हणालं नाही. ती एक ट्रंक घेऊन एस्टीतून उतरली ती कायमचीच. विधवा बाई, त्यात वांझ म्हटलेली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, बारशाला पुढं यायचं नाही, लग्नात ती भटारखान्यात. मग तिनं गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात माळ घातली आणि मटण-मासळी सोडली. तिथं तिचं सगळं पालटलं. आवाज खणखणीत होता, अभंग तोंडपाठ होते. एकादशीच्या भजनाला बायकांत पहिला टाळ तिचा. ज्या बायका सणावाराला तिच्यापासून अंग चोरायच्या, त्याच देवळात तिला वाकून नमस्कार करायच्या. तिला बसायला साऱ्या कोल्हापुरात तेवढीच एक जागा होती, आणि ती जागा तिला माळेनं दिली होती.

घरात मात्र रोज खाणारी आपण सगळी होतो, आणि रांधणारी ती. स्वतःची भाकरी-आमटी ती वेगळ्या भांड्यात करून घ्यायची आणि आपलं मटण मोठ्या पातेल्यात. न चाखता करते, याचंच लोकांना नवल. मीठ वासावरून ओळखते, तिखट वर आलेल्या तेलाच्या रंगावरून, असं तुम्हीच पाहुण्यांना सांगायचा. निर्माते, कॅमेरावाले, नट, सगळे तिच्या हातचं खाऊन गेले. आणि त्या सगळ्यांना वाढून झाल्यावर ती सोप्याच्या दाराला टेकून उभी राहायची, कुणी काय म्हणतंय ते ऐकत.

वासावरून मीठ कुणाला कळतं, आबा? मीसुद्धा बघितलं होतं तिला. दुपारची वेळ, आई न्हाणीघरात, मी फळीवरचा गूळ चोरायला आत गेलेली. आत्ती पाठमोरी. तिनं तळहातावर थेंब घेतला, जिभेला लावला, आणि तिचे डोळे मिटले. किती वेळ मिटलेले होते! ते काही मिठाचं काम नव्हतं. पंचविशीत सोडलेली चव होती ती. मग तिनं राखेनं हात धुतला, माळ कपाळाला लावली आणि पुटपुटली, "देवा, मिठापुरतंच." मी गूळ न घेताच परत आले. मला वाटलं होतं की हे मला एकटीलाच माहीत आहे. तुमची नजर विसरले होते.

सिनेमा लागला तेव्हा आई आणि मी पहिल्याच आठवड्यात गेलो. मावशी पडद्यावर आली, तेच डोळे मिटणं, तेच पुटपुटणं, आणि थिएटर नुसतं कोसळलं. आईनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. घरी आल्यावर आत्तीनं हौसेनं विचारलं, "कसा हाय गं?" आई म्हणाली, "बरा हाय." पण झाकली मूठ किती दिवस राहणार? स्टुडिओतली निम्मी माणसं आपल्याकडं जेवलेली, माळकरी बाई मटण रांधते असं घर गावात एकच. हळूहळू गल्लीतली पोरं तिच्या मागं ओरडायला लागली. "आत्ती, मिठापुरतंच!" दळण घेऊन जाताना, देवळाच्या पायरीवर, दूध आणायला गेल्यावर. ती आधी हसली, कारण तिला कळलंच नव्हतं. कळलं त्या दिवशी ती तुमच्यापुढं येऊन उभी राहिली.

"आरं, तुला दुसरं काय घावलं न्हाय व्हय?"

"आक्का, लोकं जीव टाकाय लागल्यात त्या मावशीवर," तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात खरंच आनंद होता. "नुसती माळ घालून टाळ वाजवत बसली असती तर कुणी बघितलं असतं तिच्याकडं? त्या एका थेंबानं माणूस झाली ती."

"ती झाली असंल. माझं काय? माळ हाय म्हणून मला बसाय जागा हाय, बाबा."

तुम्ही म्हणालात, चार दिवसांत विसरतील सगळे. तुम्हाला सगळ्या गावाच्या खोडी दिसायच्या, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तुम्ही तिच्यावर प्रेम करत होता, हे मला मान्य आहे. तुमच्या सगळ्या सिनेमांत तुम्ही इतक्या मायेनं दुसरं एकही माणूस लिहिलेलं नाही. पण ती माया पडद्यावरच्या बाईला मिळाली. चुलीपुढची बाई उघडी पडली.

मग तो रविवार. सोप्यात निर्माते बसलेत, पुण्याहून आलेला एक वर्तमानपत्रवाला बसलाय, आत पानं घेण्याची तयारी चाललीय. तुम्ही रंगात आलाय. वर्तमानपत्रवाला विचारतो, ही पात्रं सुचतात कशी? तुम्ही मांडीवर थाप मारून सांगता, "सुचत न्हाईत. माझं एकबी पात्र मनातलं न्हाय. जे बघतो ते लिवतो." एवढ्यात देवळातले बुवा दारात येतात, बरोबर भजनातल्या दोन म्हाताऱ्या बायका. बुवा चप्पल काढून आत येतात, पण बसत नाहीत. माणूस भला होता, आबा. त्याला भांडायचं नव्हतं.

"बसत न्हाय, घाई हाय," बुवा म्हणतात. "एकच इचारायचं हुतं. त्या शिनेमातली मावशी तुम्ही मनानंच रचलीया न्हवं? तेवढं तुमच्या तोंडानं सांगा. म्हंजे आम्ही समद्यांची तोंडं बंद करतो."

ते 'हो' ऐकायला आले होते. पुरावा नको होता, शपथ नको होती. तुमच्या तोंडून एवढंच हवं होतं, की व्हय, रचलीया. आत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदराला हात पुसत. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती घाबरलेली नव्हती. तिला खात्री होती. धाकट्या भावाला तिनं कडेवर वाढवलं होतं, आणि खोटं रचण्यावर तर त्याचं पोट होतं. मी तिच्या शेजारी ताटल्या घेऊन उभी आहे आणि मलाही वाटतंय, की झालं, आता आबा सांगतील आणि सगळं मिटेल.

तुम्ही बुवांकडं बघितलंच नाही. तुम्ही त्या वर्तमानपत्रवाल्याकडं बघितलंत. त्यानं पेन हातात धरलं होतं. मग तुम्ही म्हणालात, "बुवा, मी मनानं काय रचत न्हाय." आणि जणू समजूत घालावी तसं, "पण त्यात वाईट काय हाय?" बुवांनी मान खाली घातली. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "चला." ती माणसं गेली. आत्तीनं आत जाऊन पानं वाढली. सगळ्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी तिनं माळ काढून देवळात देवापुढं ठेवली आणि मागं न बघता घरी आली. कुणी तिला हाकललं नाही, कुणी वाईट बोललं नाही. ती आपणच पुन्हा गेली नाही. एकादशीला टाळ ऐकू यायचे, तेव्हा ती मागच्या दाराशी लाकडं रचत बसायची. त्यानंतर तिनं एक थेंबही चाखला नाही. माळ गेल्यावर चाखायला कोण आडवं येणार होतं? तरी नाही. स्वयंपाक कधी खारट व्हायचा, कधी आळणी, आणि तुम्ही गप जेवून उठायचा. तिचं स्वतःचं खाणं कमी कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही. आईनं पायाचं सूप करून तिच्यापुढं धरलं, तर तिनं तोंड फिरवलं. वर्षाच्या आत ती गेली. माळकऱ्याला टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात. तिला नेताना आपल्या गल्लीत नुसता चपलांचा आवाज येत होता. भजनातल्या बायका पलीकडच्या कडेला उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. मडकं धरून तुम्ही पुढं चालला होता आणि तुम्ही एकदा थांबून मागं बघितलंत, कुणी येतंय का ते. मी कोपऱ्यापर्यंतच आले. पुढं बायकामुलींनी यायचं नसतं.

तुम्ही कधी 'चुकलो' म्हणाला नाहीत. पण पुढच्या सिनेमासाठी निर्मात्यांनी मावशी पुन्हा मागितली, तेव्हा तुम्ही तिच्यातली ती चव काढून टाकलीत. नवी मावशी कधी चिडत नाही, कधी चुकत नाही, बोलते ते अभंगासारखं. निर्माते हात जोडून म्हणाले, "लेखक, बाईला काय तरी खोड द्या हो, मागच्या वेळेसारखी." तुम्ही नाही म्हणालात. सिनेमा आठवड्यात उतरला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणाले. त्यानंतर तुम्ही कुणालाच खोड दिली नाहीत. तुमचे पाटील देवमाणसं झाले, सासवा आया झाल्या, आणि बघता बघता स्टुडिओतून बोलावणं यायचं थांबलं. शेवटच्या वर्षांत तुम्ही शाळांच्या संमेलनांसाठी बोधपर नाटुकली लिहायचा. एकदा त्यातलं एक मला वाचून दाखवलंत आणि विचारलंत, "कसं हाय?" मी "छान" म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. त्या वेळी मला तुमची इतकी कीव आली, की राग धरणं जड गेलं.

आता माझ्या कादंबरीचं. प्रकाशकाकडच्या गृहस्थांचं पत्र आलंय. त्यांना तुमचं पात्र आवडलं. माणसांना जीव लावणारा, हावरट नजरेचा, कौतुकाला भुकेला लेखक, जिवंत उतरलाय म्हणतात. त्यांची तक्रार एकाच पानाबद्दल आहे. त्या पानावर रविवार आहे, बुवा येतात, विचारतात, आणि तुम्ही त्या वर्तमानपत्रवाल्याकडं न बघता म्हणता, "व्हय बुवा, मनानं रचलीया. आमच्या आक्काचा काय संबंध?" बुवा हसून चहा घेतात. दारात उभी असलेली बहीण आत वळते. गृहस्थ लिहितात, की आधीच्या सगळ्या पानांतला माणूस हे वाक्य बोलणं शक्य नाही, इथं मी त्याची बाजू घेतलीय, हे पान बदलावं.

त्यांचं बरोबर आहे. घडलं तसं मी आधी लिहिलंही होतं. ते पान कितीतरी चांगलं उतरलं होतं. तुम्ही वाचलं असतंत तर मला पहिल्यांदा शाबास म्हणाला असतात. ते मी चुलीत घातलं, आणि काल प्रकाशकाला कळवलं की पान आहे तसंच छापा.

हे मी आत्तीसाठी केलं असं म्हणता आलं असतं, पण तिला आता त्याचा उपयोग नाही. तुमची अब्रू राखायला केलं असंही नाही, तेवढी माया माझ्याकडं उरलीय का ते मला ठाऊक नाही. कबूल करायचं ते एवढंच. ते वाक्य बोलणाऱ्या माणसाची लेक व्हायला मला आवडलं असतं, आबा.